काउंटरपासून खोलीपर्यंत

विष्णुपुरी हे नाव मराठवाड्यात आधी गोदावरीवरच्या प्रकल्पामुळे गाजलं. शंकरसागर जलाशय, काठावरचं काळेश्वराचं मंदिर, १९८१ साली सुरू झालेलं गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९४ साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ ही या परिसराची ओळख. पुढे शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय शहरातल्या वजिराबादेतून इकडे आलं आणि परिसराची दिनचर्याच बदलली. आता पहाटेपासून किनवट, माहूर, देगलूर, हिंगोलीकडच्या जीपगाड्या इथं येऊन थांबतात. तेलंगणातल्या आदिलाबाद-निजामाबादकडचे रुग्णही येतात.

रुग्णालयातून सुट्टी झाली की लोक घरी जातात, असं बाहेरच्याला वाटतं. किनवटच्या पुढच्या वाडीवरच्या म्हातारीच्या मांडीत रॉड टाकला असेल, तर तिला जीपमधून सव्वाशे-दीडशे किलोमीटर हादरे खात नेणं कुणाच्याच जिवाला पटत नाही. टाके काढायला दहा-पंधरा दिवसांत परत यायचंच असतं. मग मुलगा, सून आणि म्हातारी जवळपासच्या एखाद्या लॉजवर खोली घेतात. त्या खोलीत खाट असते, पंखा असतो, बादली-मग असतो. म्हातारीला खाटेवरून न्हाणीपर्यंत नेणारं काही नसतं.

ती उणीव भरून काढणारं एक छोटं दुकान याच भागात आहे. चालवणारा गृहस्थ आधी एका मेडिकलवर कामाला होता. औषधं घ्यायला आलेले नातेवाईक ‘कुबड्या कुठं मिळतील, भाड्यानं खुर्ची कुणाकडं आहे’ असं विचारत. त्या प्रश्नातूनच हा धंदा उभा राहिला. घडीची व्हीलचेअर, वॉकर, काखेतल्या आणि कोपराच्या कुबड्या, कमोडची खुर्ची, एअर बेड आणि मागणी असेल तेव्हा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, एवढा माल तो भाड्यानं देतो. लॉजवाल्यांशी रोजचा संबंध असल्यामुळे स्वतःचं आणि त्यांचंही नाव कुठं छापून येऊ नये, अशी त्याची विनंती आहे.

महाराष्ट्रात ठिकठिकाणी सेवाभावी संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. रा. स्व. संघ जनकल्याण समितीची अशी केंद्रं बऱ्याच गावांत आहेत. नाममात्र शुल्कात खाट, खुर्ची, वॉकर घरी नेता येतो, आणि हे काम फार मोलाचं आहे. पण साहित्य उसनं देताना बहुतेक ठिकाणी स्थानिक पत्ता आणि ओळखीचा माणूस लागतो. लॉजवर उतरलेल्याकडे पत्ता म्हणून खोलीचा नंबर तेवढा असतो, म्हणून तो या दुकानात येतो.

दुसरं गिऱ्हाईक आठ-दहा किलोमीटरवर, नांदेड शहरात असतं. १७०८ साली गुरु गोविंदसिंहजींनी इथं देह ठेवला. सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. २००८ साली गुरुतागद्दीची तीनशे वर्षं साजरी झाली, तेव्हा शहरात रस्ते, विमानतळ आणि यात्री निवासांची मोठी कामं झाली. अमृतसरहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस दीड दिवस धावून नांदेडला पोचते, आणि तिच्यातून उतरणाऱ्यांत सत्तरी-ऐंशीतले आजी-आजोबा मोठ्या संख्येनं असतात. त्यांचे मुलगे पंजाबातून आधीच फोन करतात. ‘वीरजी, बीजी को घुटनों की तकलीफ है, तीन दिन के लिए कुर्सी होटल में रखवा देना.’ फोनवर हे फार सोपं वाटतं.

प्रवासाच्या बाकीच्या टप्प्यांवर खुर्ची कुणी द्यायची, हे निदान ठरलेलं आहे. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे प्रवाशाला विमानतळावर व्हीलचेअरची मदत विनामूल्य द्यावी लागते. प्रवाशानं ४८ तास आधी कळवावं, अशी अपेक्षा असते. हा नियम मोडला की काय होतं, ते मुंबईत फेब्रुवारी २०२४ मध्ये दिसलं. न्यूयॉर्कहून आलेल्या वृद्ध जोडप्यानं दोन खुर्च्या सांगितल्या होत्या, मिळाली एक. ऐंशी वर्षांचे आजोबा पत्नीच्या खुर्चीसोबत चालत निघाले, कोसळले आणि गेले. एअर इंडियाला तीस लाखांचा दंड झाला. स्टेशनवरही खुर्ची मागता येते. पण विमानतळाची खुर्ची गाडीच्या दारापाशी संपते, स्टेशनची रिक्षापाशी. तिथून पुढं हॉटेलच्या खोलीपर्यंतचं अंतर कुणाच्याच नियमात बसत नाही.

खुर्ची घेऊन गेल्यावर काउंटरवर काय होतं, ते दुकानदाराला पाठ झालं आहे.

“पेशंट कुठंय?”

“गाडी लेट हाय. दोन तासात येतेत.”

“मग दोन तासानं या की. कुणाचं सामान ठिवून घेत नाही आमी. मालक वरडतेत.”

दोन तासांनी परत यायचं म्हणजे विष्णुपुरीहून पुन्हा एक फेरी आणि पुन्हा रिक्षाचं भाडं. त्याहून वाईट म्हणजे तोवर ती आजी येऊन पोचलेली असते. दीड दिवसाच्या प्रवासानं पाय सुजलेले असतात, आणि ती लॉजच्या पायरीवर किंवा रिक्षातच बसून राहते. मुलगा फोनवर फोन करत असतो. खुर्ची शहरात आहे, तिचे पैसे भरलेले आहेत, आणि तरी ज्या घडीला तिची गरज आहे त्या घडीला ती नाही. अशा वेळी दुकानदाराला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं की हे टाळता येण्याजोगं असतं.

हा ‘नियम’ कुठल्याही लॉजवर लिहून लावलेला नाही. एका ठिकाणी सकाळचा माणूस खुर्ची ठेवून घेतो, रात्रपाळीचा घेत नाही. कुठं ‘आधी मालकाला विचारा’, आणि मालक फोन उचलत नाही. कुठं खुर्ची चालते पण ती बाहेरच ठेवा, फरशीवर चाकांचे डाग पडतात. कुठं पोरगं म्हणतं, “आमच्याकडं हाय की व्हीलचेअर, तुमची कामून?” आणि ती असते जिन्याखाली, पुढच्या एका चाकाविना.

मॅनेजरची बाजू मात्र त्यानं नीट ऐकून घेतली आहे, आणि ती खोटी नाही. मागं एका वकिलाच्या आईसाठी खुर्ची नेली असताना त्या वकिलांनीच त्याला कायदा समजावला. दुसऱ्याची वस्तू विश्वासानं ताब्यात घेतली की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तिची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात हेच सांगितलं. १९९८ साली एका पाहुण्यानं आपली मारुती झेन पार्किंगसाठी हॉटेलच्या माणसाच्या हवाली केली, आणि ती चोरीला गेली. पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं होतं. न्यायालयानं म्हटलं, किल्ली घेतली म्हणजे ताबा घेतला. आपल्या हलगर्जीपणाची जबाबदारी छापील ओळीनं झटकता येत नाही. नांदेडच्या काउंटरवरच्या पोरानं हा निकाल वाचलेला नसतो. पण ‘घेतलं की गळ्यात पडतं’ हे त्याला अनुभवानं कळलेलं असतं. खुर्चीची पायपट्टी हरवली तर ती त्याच्याच पगारातून कापली जाईल, ही भीती त्याला असते. तिथं त्याला दोष देऊन काही साधत नाही.

वकिलांनी दुसरी गोष्टही सांगितली. कायदा मागतो ती वाजवी काळजी, म्हणजे शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी. त्यापेक्षा जास्त नाही. मग ती काळजी कागदावर का उतरवू नये? दुकानदारानं दोन प्रतींचं पावतीपुस्तक छापून घेतलं. खुर्चीचा नंबर, दोन्ही हात, दोन्ही पायपट्ट्या, ब्रेक, गादी यांची स्थिती, आणल्याची वेळ, खोली कुणाच्या नावावर, घेणाऱ्याची सही. खाली ठळक ओळ : नेहमीच्या वापरातली मोडतोड आणि पाहुण्याकडून झालेलं नुकसान दुकान व पाहुणा आपसात अनामतीतून बघतील, लॉजनं फक्त खुर्ची जपून ठेवून पाहुण्याच्या हवाली करायची. सोबत मोबाइलवर फोटो. ही पावती पाहिल्यावर काही मॅनेजर निवळले. कुणी म्हणालं, “असं लिहून देता तर ठेवा.” कुणी अजूनही हात लावत नाही. पण पावतीमुळे अडवणारा आणि घाबरणारा यांतला फरक कळू लागला, हा फायदा मोठाच.

हा प्रश्न फक्त नांदेडच्या लॉजांचा नाही. अमेरिकेत ऑरलँडोला डिस्नेच्या पार्कांभोवती भाड्याच्या व्हीलचेअर आणि बॅटरीच्या स्कूटर पुरवण्याचा केवढा तरी धंदा चालतो. २०१९ साली तिथल्या डिस्ने हॉटेलांनी नियम बदलला. ठरलेल्या एकाच कंपनीचं साहित्य सामानाच्या काउंटरवर ठेवता येईल. इतरांकडून घ्यायचं तर पाहुण्यानं स्वतः हजर राहून ताब्यात घ्यायचं. म्हणजे विमान लेट झालं की तिथंही तेच थांबणं. पण एक फरक ध्यानात घ्यावा असा आहे. तिथला नियम आधी माहीत असतो, त्यामुळे माणूस त्याप्रमाणे बेत आखतो. शिवाय तिथल्या अपंग हक्क कायद्याखाली मार्च २०१२ पासून हॉटेलांवर एक बंधन आहे. खोली आरक्षित करतानाच ती खोली आणि इमारत आपल्याला झेपेल का, हे पाहुण्याला स्वतः ठरवता येईल इतका तपशील द्यावा लागतो. आपल्याकडे फोन केला की उत्तर येतं, “लिफ्ट हाय, या तुम्ही.” लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या आहेत, हे तिथं गेल्यावर दिसतं.

बॅटरीच्या खुर्चीला नकार मिळतो तेव्हा दुकानदार वाद घालत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला रुबी हॉटेलच्या खालच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमला आग लागली, धूर वर चढला आणि हॉटेलात उतरलेले आठ जण गेले. रेल्वेचा नांदेड विभाग सिकंदराबादच्या मुख्यालयाखाली असल्यामुळे इकडच्या लोकांचं तिकडं सततचं येणं-जाणं. ती बातमी इथल्या लॉजमालकांच्या मनात बसली आहे. म्हणून बॅटरीच्या खुर्चीसोबत तो बॅटरीचा प्रकार लिहून देतो, लेड-ॲसिड की लिथियम. मूळ चार्जरच देतो. चार्जिंग दिवसा, कुणीतरी जागं असताना, दाराच्या किंवा जिन्याच्या वाटेत नाही, हे पाहुण्याला आणि मॅनेजरला दोघांनाही समोरासमोर सांगतो. तरीही मालक नको म्हणाला तर हातानं ढकलायची खुर्ची नेऊन देतो. हा नकार त्याला रास्त वाटतो.

त्याला रास्त वाटत नाही तो नकार कमोडच्या खुर्चीचा. मांडीचं हाड जोडलेल्या माणसाला भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही, डॉक्टरांनीच मना केलेलं असतं. लॉजच्या स्वस्त खोल्यांत मात्र बहुतेक तेच असतं. अशा वेळी कमोडची खुर्ची ही त्या माणसाची अब्रू असते. काउंटरवर मात्र “वास येईल, बाकीचे गिऱ्हाईक बोंब मारतील” असं ऐकावं लागतं. एका लॉजवर एका आजींसाठी नेलेली अशी खुर्ची दारातून परत पाठवली गेली. आजींनी त्या दिवशी दुपारपासून पाणी पिणं बंद केलं, म्हणजे उठावं लागणार नाही. सुनेनं हे दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसानं तहान मारून बसणं किती धोक्याचं, हे कुणीही डॉक्टर सांगेल. दुकानदार तिच्यासोबत गेला, मालकाला भेटला, धुवून पुसलेलं भांडं आणि घट्ट बसणारं झाकण काढून दाखवलं. खुर्ची आत गेली. तेव्हापासून कमोडची खुर्ची तो झाकून, जंतुनाशकानं पुसून, पिशवीत बांधून नेतो आणि काउंटरवर न थांबता आधी मालकाशी फोनवर बोलून ठेवतो.

खुर्ची खोलीत पोचली तरी काम संपत नाही. अठरा इंची बैठकीच्या साध्या घडीच्या खुर्चीची चाकांसकट रुंदी पंचवीस-सव्वीस इंच भरते. लॉजमधल्या न्हाणीचं दार बऱ्याचदा दोन ते सव्वादोन फुटांचं. चौकट आणि बिजागरीतच इंच-दीड इंच जातो. त्यामुळे दुकानदाराच्या खिशात कायम मोजपट्टी असते. अशा खोलीसाठी तो लहान चाकांची अरुंद खुर्ची देतो. तीही जात नसेल तर मोठी खुर्ची दारापर्यंत आणि आत वॉकर. पायऱ्यांचा हिशेब तर आणखी कठीण. उताराचं मान्य प्रमाण एकास बारा, म्हणजे सहा इंची तीन पायऱ्यांना अठरा फूट लांबीचा उतार हवा. रस्त्याला चिकटून बांधलेल्या लॉजसमोर एवढी जागा नसते. मग माणसासकट खुर्ची उचलावी लागते. खुर्ची पाठमोरी घ्यायची, मोठी चाकं पायरीला लावून एकानं मागून ओढायची, दुसऱ्यानं पुढून सांगाड्याला धरून आधार द्यायचा. हाताचा दांडा आणि पायपट्टी धरून उचलायचं नाही. ते निघून हातात येतं आणि माणूस पडतो. रूमबॉयना हे पाच मिनिटांत शिकवता येतं. दुकानदार शिकवतोही. पोरं मनापासून शिकतात, कारण रोज अंदाजानं उचलताना त्यांचीही कंबर जात असते.

कायदा या सगळ्याकडे कसा पाहतो? अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ सालचा, अंमल एप्रिल २०१७ पासून. लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतही त्यात सार्वजनिक इमारत ठरते, त्यामुळे लॉज त्यात येतं. जून २०१७ मध्ये नियम आले, आणि जुन्या इमारती सुगम करायला दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये संपली. पुढं राजीव रतुडी यांच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचा नियम १५(१) अवैध ठरवला. त्यातल्या सूचना नुसत्या शिफारशीसारख्या आहेत, पाळल्याच पाहिजेत अशा किमान अटी ठरवा, असं सरकारला सांगितलं. तारांकित हॉटेलांच्या वर्गीकरणात अपंग पाहुण्यासाठी खोलीची अट आहे. पण विष्णुपुरीच्या रुग्णाचे नातेवाईक उतरतात त्या लॉजना तारे नसतात, आणि तिथं तपासायला कुणी येत नाही.

आणखी एक अडचण आहे, ती अनुभवातूनच कळते. मांडी मोडलेली आजी किंवा गुडघे गेलेली बीजी यांच्याकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसतं. त्या स्वतःला अपंग म्हणवून घेणार नाहीत, दोन-तीन महिन्यांत चालूही लागतील. त्यांच्या बाजूनं तक्रार करायला कुठली संघटना उभी राहत नाही. पण उतार एकदा बांधला की तो प्रमाणपत्र विचारत नाही, आणि त्याचा उपयोग सुटकेस ओढणाऱ्यालाही होतोच. म्हणून ही सोय दयेपोटी करायची गोष्ट नाही, लॉजच्या धंद्याचा तो भाग आहे, असं दुकानदाराचं ठाम मत आहे. रुग्णालयाजवळ लॉज काढणाऱ्याला आपलं गिऱ्हाईक कोण, हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

विष्णुपुरीच्या आणि नांदेडच्या लॉजमालकांकडे त्याचं मागणं खर्चाचं नाही. खुर्ची पाहुण्याच्या आधी आली तर पावतीवर सही करून ती ठेवून घ्या. हे काम कोणत्या पाळीत कोण करणार, ते काउंटरच्या मागं लिहून ठेवा. तळमजल्यावरची एक खोली शेवटपर्यंत इतरांना देऊ नका. फोनवर कुणी विचारलं तर पायऱ्या किती आणि न्हाणीचं दार किती इंचांचं, ते खरं सांगा.

आणि जे वाचक आईवडिलांना घेऊन दवाखान्यासाठी किंवा दर्शनासाठी नांदेडला येणार असतील, त्यांनी ॲडव्हान्स भरण्याआधी लॉजला चार गोष्टी विचाराव्यात : रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, न्हाणीचं दार किती रुंद, संडास कुठल्या पद्धतीचा, आणि आम्ही पोचायच्या आधी आलेली खुर्ची कोण घेईल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून घ्या, आणि ते खुर्ची पोचवणाऱ्याला आदल्या दिवशीच कळवा.